शून्यावर न येणारा काटा

१

माणसं वजनकाट्यावरून खाली उतरली की वळून बघत नाहीत. आकडा बघायचा, तोंड वाकडं करायचं, चपला घालायच्या आणि चालू पडायचं. मी मात्र वळून बघतो. पंचवीस वर्षं काटे दुरुस्त करण्यात गेली आहेत. या कामात सगळ्यात आधी हे शिकवतात की काट्याचा खरेपणा वजन ठेवल्यावर कळत नाही, काढल्यावर कळतो. वजन काढलं की काटा निमूटपणे शून्यावर आला पाहिजे. आला नाही तर त्याच्या पोटात काहीतरी अडकलंय असं समजायचं आणि पेचकस हातात घ्यायचा.

त्या सकाळी बाथरूमच्या काट्यावर माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो शंभर ग्रॅम भरलं. आठवड्यापूर्वी अठ्ठ्याण्णव चारशे होतं. आठ दिवस जीव मारून तीनशे ग्रॅम! तेवढी तर माझी पेचकसांची पिशवी भरते. खाली उतरलो, सवयीने मागे पाहिलं. काट्यावर कुणी नव्हतं आणि आकडा होता शून्य दशांश तीन.

मी बघत राहिलो. पाचेक सेकंदांनी तो शून्यावर आला. दमट जागा आहे, काट्याच्या पायाखाली ओल गेली असेल, असं म्हणून मी दाढीला लागलो.

वजन कमी करायचं कारण ताई होती. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझी किडनी तिला जुळत होती. सगळ्या तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुढे पोटावर त्यांची नजर थोडी जास्तच रेंगाळली.

"किडनी उत्तम आहे," ते म्हणाले, "पण या वजनात तुम्हाला टेबलावर घेणं मला जमणार नाही. चौऱ्याऐंशीच्या खाली या. पाच महिने आहेत. त्यानंतर ताईंच्या हाताच्या शिरा डायलिसिसला किती साथ देतील, सांगता येत नाही."

म्हणजे ताईचं आयुष्य माझ्या पोटावर येऊन ठेपलं होतं, आणि तेही साडेचौदा किलोंच्या हिशेबात.

२

दवाखान्यातल्या आहाराच्या बाई वयाने मला मुलगी शोभेल एवढ्या, पण जरब अशी की मी त्यांच्यासमोर पोट आत ओढूनच बसायचो. त्यांनी मला एक वही दिली. दिवसाला सोळाशे कॅलरी. तोंडात जाईल ते सगळं वजन करून लिहायचं.

"अंदाजे चालेल ना?" मी विचारलं.

"तुम्ही दुकानदारांना अंदाजे चालवून देता का?"

मी वही पिशवीत टाकली.

बायकोने स्वयंपाकघराच्या ओट्यावर छोटा काटा मांडला. "अहो, तुमचा धंदा शेवटी माझ्या ओट्यावर आला बघा," म्हणाली, आणि तेव्हापासून या घरात भातसुद्धा वजनाशिवाय ताटात पडला नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं की मी ज्याला मूठभर शेंगदाणे म्हणत होतो ते चाळीस ग्रॅम भरतात आणि त्यांच्या सव्वादोनशे कॅलरी होतात. अशा तीन मुठी मी जेवणाची वाट बघताना सहज संपवायचो. चमचाभर तेल म्हणजे मला वाटायचा तो चमचा नव्हे. चाखलेलं खाण्यात धरत नाहीत अशी माझी सोयीस्कर समजूत होती, ती बायकोने मोडून काढली.

"पातेल्यातून तोंडात गेलं ना? मग लिहा."

दुपारचे चार मात्र खायला उठायचे. वर्कशॉपमध्ये चहाबरोबर बिस्किटांचा पुडा फिरायचा, आणि मी हातात काकडी घेऊन बसायचो. माझा जोडीदार म्हणायचा, "अरे, काकडी खातोयस की काकडीला समजावतोयस?" पहिले दोन आठवडे वहीत मी खोटंही लिहिलं. एक बिस्किट लिहायचं, चार खायची. पण काटा वहीला जुमानत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिसऱ्या आठवड्यात कानाला खडा लावला. पेन खिशात ठेवायला लागलो.

ताई आमच्याकडेच राहायची, मागच्या खोलीत. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि ताई चौदाची. वडील दिवसपाळी-रातपाळीच्या कामावर. ताईने आठवीत शाळा सोडली आणि मला कडेवर घेतलं ते शाळेत घालेपर्यंत खाली ठेवलं नाही, असं शेजारपाजारचे सांगत. एक घास माझ्यासाठी, एक घास चिमणीसाठी, आणि चिमणीचाही शेवटी मलाच. मला ती गब्दू म्हणायची, अजूनही म्हणते. या देहातला पहिला दहा-बारा किलोंचा ऐवज तर तिच्याच हातचा.

वहीकडे बघून ती म्हणाली, "मी घातलं आणि तू काढतोयस. चांगली परतफेड आहे रे."

तिला हसताना धाप लागायची, तरी ती हसायची.

३

तीन आठवड्यांनी माझं वजन शहाण्णव दोनशे झालं. खाली उतरलो. मागे काट्यावर दोन दशांश दोन.

मी वहीच्या शेवटच्या पानावर वजाबाकी केली. अठ्ठ्याण्णव चारशेतून शहाण्णव दोनशे गेले, उरले दोन किलो दोनशे. जेवढं मी गमावलं होतं, नेमकं तेवढंच.

आता या धंद्यातल्या माणसाला अशा वेळी भुतंखेतं आठवत नाहीत, लोडसेल आठवतो. लोडसेल म्हणजे काट्याच्या चार कोपऱ्यांतले, भार ओळखणारे छोटे तुकडे. मी काटा उलटा केला. चारही काढून पुसले, तारा बदलल्या, बॅटरी नवी घातली. वर्कशॉपमधून प्रमाण वजनं आणली. ही आमची पितळी, सही-शिक्क्याची वजनं, यांच्यावर शंका घ्यायची नसते. पाच ठेवलं, पाच दाखवलं. काढलं, शून्य. वीस ठेवलं, वीस. काढलं, शून्य. बायकोला उभं केलं, ती उतरली, शून्य.

मी उभा राहिलो, उतरलो. दोन दशांश दोन.

"बघ," मी बायकोला म्हणालो.

"बिघडलाय," ती म्हणाली. "दुसऱ्यांचे दुरुस्त करता आणि घरचा हा असा." आणि ती दूध बघायला गेली.

मी तिथेच उकिडवा बसलो आणि आकड्याकडे बघत राहिलो. काट्यात दोष असेल तर आकडा घसरत घसरत कमी होतो, किंवा एकदम नाहीसा होतो. हा तसा गेला नाही. दोन दशांश दोनचा दोन दशांश सहा झाला, मग एक दशांश चार, मग शून्य. हजारो माणसांना काट्यावरून उतरताना मी पाहिलंय. एक पाय उचलायच्या आधी माणूस दुसऱ्या पायावर जोर देतो, आकडा क्षणभर वर जातो आणि मग पडतो. उतरणाऱ्याचा आकडा असाच असतो.

काट्यासमोर पायपुसणं होतं. त्याचे लोकरी धागे मधोमध जरासे दबले आणि पुन्हा उभे राहिले. माझा स्वतःवर विश्वास बसेना. नळ चालू करून मी बराच वेळ तोंड धूत राहिलो.

४

दिवस चांगले जात होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. जिना चढून गेल्यावर बोलता यायला लागलं. सहाव्या आठवड्यात वजन अडलं, बारा दिवस एक ग्रॅम हललं नाही. तेव्हा मी वही फेकायला निघालो होतो. आहाराच्या बाईंनी फोनवर शांतपणे विचारलं, "तेल मोजताय की ओतताय?" ओतत होतो. मोजायला लागलो आणि गाडी पुन्हा हलली. त्या मुलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आणि रोज सकाळी काट्यावर मागे उरणारा आकडा वाढत होता. पाच दशांश एक. सहा दशांश आठ. आता भार आधी काट्याच्या मागच्या दोन पायांवर येतो आणि मग पुढच्या, हे मला काटा न उघडताही कळत असे. कुणीतरी पुढे वाकून बघावं तसं. मी घाईघाईने टॉवेल घेऊन बाहेर पडायचो आणि दार ओढून घ्यायचो. दार कशासाठी ओढतोय, हे स्वतःला विचारत नव्हतो.

मग ताईच्या खोलीतली खाट वाजायला लागली. लोखंडी खाट, डाव्या बाजूची पट्टी थोडी सैल. ताई वळली की ती करकरायची, ते आम्हाला पाठ होतं. आता ताई ओट्याशी बसून भाजी निवडत असताना आत खाट वाजायची. एकदाच, हलकी, कुणी चढून बसल्यासारखी. बायको म्हणायची, मांजर आलं असेल. ती जाऊन खिडकी लावून यायची. खिडकी लावलेलीच असायची.

एका रविवारी दुपारी ताई दाराच्या चौकटीत उभी राहून माझ्याशी बोलत होती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ती सरळ उभी नाही. डावी कंबर बाहेर काढलेली, खांदा वर, अंग उजवीकडे झुकलेलं. डावा हात कोपरात वाकवून तिने अंगाशी धरला होता. हाताच्या वेढ्यात काहीच नव्हतं. जगातली प्रत्येक बाई कडेवर मूल असलं की अशीच उभी राहते.

"ताई, कंबर दुखतेय का?"

"हं? नाही रे. हल्ली या अंगाला जरा ओढल्यासारखं होतं." तिने वाकवलेल्या हाताकडे पाहिलं आणि तो सरळ केला नाही. "दुपारी मांडीवर जड वाटतं. पण बरं वाटतं."

तिच्या पदराचा कडेवरचा भाग चुरगळलेला होता. मी बघत असताना तो आणखी थोडा चुरगळला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने तिथून सटकलो आणि माठाशी दोन पेले पाणी एका दमात प्यालो.

५

डायलिसिसला ताईला नेणं माझं काम. तिथे यंत्राला जोडण्यापूर्वी पेशंटचं वजन करतात. प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरलेलं असतं. त्यावर जेवढं भरेल तेवढं अंगात साठलेलं पाणी. यंत्र तेवढंच पाणी ओढून काढतं. ताईचं कोरडं वजन एक्केचाळीस होतं. म्हणजे त्या खोलीत सगळा खेळ काट्याचा. म्हणून मला तिथे जरा घरच्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी माझं वजन एकोणनव्वद झालं होतं, मागे उरले होते नऊ दशांश चार. खुशीत होतो. ताई दवाखान्यातल्या काट्यावर चढली. पंचेचाळीस शंभर.

"अगं बाई, चार लिटर?" सिस्टर म्हणाल्या. "पाणी फार प्यालात का, ताई?"

"नाही गं. मोजूनच पिते. आमच्याकडे सगळंच मोजून असतं."

ताई खाली उतरली. मी वळून पाहिलं. काट्यावर एक दशांश सात.

एखाद्याने नुसता एक पाय टेकवावा, तेवढंच. मग आकडा शून्यावर आला. सिस्टर तोवर यंत्राकडे वळल्या होत्या. माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. काय सांगणार होतो? कोण ठेवणार होतं विश्वास? शिवाय आत कुठेतरी अशीही भीती होती की हे उघडं पडलं तर कुणीतरी मला म्हणेल, थांबवा हे वजन कमी करणं. एकोणनव्वदवर येऊन.

काटा शून्यावर आलेला नाही हे दिसत असताना गप्प बसणं, याहून मोठा गुन्हा आमच्या धंद्यात नाही. पंचवीस वर्षांत मी तो कधी केला नव्हता.

यंत्राने चार लिटर ओढायला घेतले. त्यातले जवळपास पावणेदोन तिच्या अंगात नव्हतेच. तिसऱ्या तासाला ताईच्या पोटऱ्यांत गोळे आले, ओठ पांढरे पडले आणि डोळे वर गेले. रक्तदाब खाली, खाली. सिस्टरने एका हाताने खाटेचा पायथा उचलला, दुसऱ्या हाताने सलाइन सोडलं आणि मोठ्याने ताईला हाका मारत राहिल्या. वीस मिनिटांनी ताईने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणाली, "गब्दू जेवला का?"

त्या सिस्टरच्या पाया पडायला मी वाकलो होतो. त्यांनी मला दटावलं आणि चहा प्यायला पाठवलं.

काट्यात दोष आहे का, म्हणून दुपारी त्यांनी मलाच तपासायला सांगितलं. मी प्रमाण वजनं आणली. काटा लख्ख बरोबर होता.

६

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. बायको बाहेर गेल्यावर ओट्याशी उभं राहून पावाचे सहा तुकडे खाल्ले, लोण्याचा जाड थर लावून, न मोजता, न लिहिता. मग साखर लावून आणखी दोन. चव कळत नव्हती. माझ्या अंगातून गेलेलं ताईच्या अंगावर चढणार असेल, तर ते मी परत घेतो, असा माझा हिशेब होता. हिशेब करणाऱ्याचं डोकं किती फिरलं होतं ते यावरून कळेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर मी सहाशे ग्रॅमने वाढलो होतो. आकडा बघत होतो आणि पाठीमागून काहीतरी मला चिकटलं. खांद्यांवरून पुढे येऊन गळ्याशी घट्ट झालं. गार होतं, थोडं ओलसर, आणि त्याची धडपड चालली होती. परत यायचं होतं त्याला. पाठीच्या कातडीतून वाट मिळतेय का ते बघत होतं. मी ओरडलो की नाही आठवत नाही. भिंतीला धरून बाहेर आलो तेव्हा ताई दारात उभी होती.

"बस," ती म्हणाली. मी तिच्या खाटेवर बसलो. "पाव कोणी खाल्ला?"

"मी."

"कशाला खाल्लास? तीन महिने एवढे कष्ट केलेस ते?"

मी खाली मान घालून म्हणालो, "ताई, तुझ्या कडेवर काहीतरी आहे."

"माहितीय मला."

तिच्या चेहऱ्यावर कसलंही नवल नव्हतं.

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पहिल्यांदा तर हातपाय गार पडले होते." तिने चादर नीट केली. "पण ते काही करत नाही रे. नुसतं धरून बसतं. दवाखान्यात सुया बघून घाबरलं असेल, म्हणून पाय टेकला."

"जड आहे?"

"आता होतंय जड. तूही काही हलका नव्हतास." ती थांबली, दम घेतला. "हे बघ गब्दू, मला जगायचंय. उगाच मोठेपणा नाही सांगत मी. तुझ्या बायकोच्या हातचं खाऊन कंटाळा येईपर्यंत जगायचंय. तुझं काम वहीत लिहायचं. पेलायचं माझ्यावर सोड. मला त्याची सवय आहे."

मी रडलो. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, बहिणीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडलो. मांडीवर जागा नव्हती, ते मला गालाला जाणवत होतं.

मग उठलो, पावाचे आठही तुकडे आणि लोणी वहीत लिहून काढलं. सतराशे साठ कॅलरी. त्यापुढे दवाखान्यात ताई काट्यावरून उतरली की मी मोठ्याने म्हणायचो, "सिस्टर, शून्य आलेलं नाही, पुन्हा घ्या." माझा धंदा त्यांना ठाऊक होता. त्या न कुरकुरता पुन्हा घ्यायच्या, आणि दुसऱ्यांदा वजन बरोबर यायचं.

७

विसाव्या आठवड्यात मी त्र्याऐंशी नऊशे झालो. डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन हलवला. बायकोने वहीला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. जोडीदाराने वर्कशॉपमध्ये सगळ्यांना काकड्या वाटल्या. मला वाटत होतं, एवढी माणसं माझ्या पोटामागे लागली, मी कोण लागून गेलो होतो? त्या दिवशी सकाळी काट्यावर मागे उरले होते साडेचौदा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सात वाजता ताईला शेवटचं वजन करायला नेलं. भूल देणारे डॉक्टर कागद घेऊन उभे होते. औषधाचं माप वजनावर ठरतं. मीही शेजारीच, तसल्याच हिरव्या झग्यात.

पंचावन्न सहाशे.

"हे कसं शक्य आहे?" डॉक्टर म्हणाले. "काल रात्री डायलिसिसनंतर एक्केचाळीस होतं."

"पुन्हा घ्या," मी म्हणालो. पुन्हा पंचावन्न सहाशे. दुसऱ्या वॉर्डातला काटा आणला. पंचावन्न सहाशे. या वेळी पाय टेकलेला नव्हता, सगळंच्या सगळं अंगावर होतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "असं असेल तर आज मी भूल देऊ शकत नाही."

ताई काट्यावर उभी होती, डावी कंबर काढून, पाय थरथरत. तिला बोलायचं होतं, पण दम पुरत नव्हता. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली. कडेवरचं ते आता तिला पेलत नव्हतं, आणि खाली ठेवणंही तिला जमत नव्हतं. तिने तसं कुणाला कधी ठेवलंच नव्हतं.

"काटा मी बघतो," मी म्हणालो. "हेच काम आहे माझं. एक मिनिट द्या."

मी काट्यासमोर गुडघे टेकले. ताईच्या झग्यावर, डाव्या खांद्याजवळ, कापड मुठीत धरल्यासारखं गोळा झालं होतं. मूठ लहान होती, पाचही बोटांच्या चुण्या मोजता आल्या असत्या. मागच्या भिंतीला स्टीलचा पत्रा होता, त्यात ताईची पाठ दिसत होती आणि तिच्या मानेत खुपसलेलं काहीतरी, विरळ जावळ असलेलं. मी तिकडे एकदाच पाहिलं.

"ऐक," मी हळू म्हणालो. "दुपारी ती एकटी असायची. तू बसलास तिच्याजवळ. फार केलंस. पण तिला आता आत जायचंय. सोड तिला. तिने खूप उचललं आपल्याला."

काही झालं नाही. कुठेतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरलं.

"सोड रे," मी म्हणालो. "मी आहे."

कापडाची मूठ आणखी घट्ट झाली, आणि मग एकेक चुणी सुटत गेली. आकडा पंचावन्न सहाशेवरून छप्पनवर गेला, अठ्ठेचाळीस झाला आणि एक्केचाळीस शंभरवर थांबला. ताईची कंबर सरळ झाली. तिचा डावा हात काही क्षण तसाच वाकलेला राहिला, मग तिने तो खाली सोडला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"झालं दुरुस्त?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. ताईला उतरवलं आणि वळून पाहिलं. शून्य.

८

जाग आली तेव्हा दुपार होती. डाव्या कुशीत निखारा ठेवल्यासारखं दुखत होतं. बायको डोळे सुजवून शेजारी बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने सांगितलं, "चालू झाली. ताईंची लघवी सुरू झाली. सिस्टर पिशवी उंच धरून नाचल्या हो." आणि ती तोंडाला पदर लावून हसत-रडत राहिली.

तिसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून ताईच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. ती उशीला टेकून बसली होती, गालांवर रंग आला होता. काचेपलीकडून तिने मला खुणेने विचारलं, जेवलास का? मी बोटांनी आकडा दाखवला, चारशे कॅलरी. तिने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या मांडीवरची चादर सपाट होती. मला तिथेच सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले, डॉक्टरांचे, सिस्टरचे, आहाराच्या बाईंचे, बायकोचे, त्या वहीचे.

परत खाटेवर आणून झोपवलं. बायको खाली डबा आणायला गेली. खोलीत ऊन आलं होतं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा घोरत होते. मी डोळे मिटले तोच पायथ्याशी गादी दबली. मी डोळे उघडले नाहीत. मनात मी साडेचौदा किलो तोललेसुद्धा. सवय जात नाही.

गादीतला खळगा हळूहळू वर सरकत आला. पोटरीजवळ, गुडघ्याजवळ. पाठीतून वाट शोधणारी ती गार धडपड मला आठवली, आणि डाव्या कुशीत तर आता टाक्यांची फटच होती. मांडीशी येऊन ते थांबलं. माझ्या अंगावरून पलीकडे गेलं, इतकं जपून की टाक्यांना धक्का लागला नाही. मग उजव्या कुशीला गादी खाली गेली आणि तशीच राहिली.

मी उजवा हात उचलून त्याला जागा करून दिली.